चेंबरलिन यांचे ५८ विजय नेमके कोणाचे?

प्रश्न असा विचारला गेला आहे: अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या जुन्या नोंदी चाळताना गाय चेंबरलिन हे नाव प्रशिक्षकांच्या विजयाच्या टक्केवारीत अगदी वर दिसते, सहा मोसमांत चार अजिंक्यपदे दिसतात, आणि तरीही त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, मग हे गृहस्थ खरोखर थोर प्रशिक्षक होते, की उत्तम खेळाडू हाताशी असल्यामुळे त्यांना आपसूक यश मिळत गेले?

मी ओहायोत शालेय संघांच्या लाइनला, म्हणजे चेंडूच्या रेषेवर समोरासमोर भिडणाऱ्या फळीला, आणि त्या फळीच्या टोकांना उभ्या राहणाऱ्या एंड खेळाडूंना सव्वीस वर्षे शिकवत आलो आहे. चेंबरलिन स्वतः एंड होते, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीकडे मी काहीशा आपुलकीने पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझे उत्तर असे की ते थोर होते आणि त्याचा पुरावा आकड्यांतच आहे. मात्र तो पुरावा लोक जिथे शोधतात त्या टक्केवारीत नाही, तर त्यांनी सोडून दिलेल्या संघांचे पुढच्या वर्षी काय झाले त्यात आहे.

प्रथम टक्केवारी. १९२२ ते १९२७ या सहा मोसमांत त्यांच्या संघांनी ८१ सामने खेळले. त्यांतले ५८ जिंकले, १६ हरले आणि ७ बरोबरीत सुटले. बरोबरीचे सामने सोडून दिले की विजयाचे प्रमाण ७८.४ टक्के येते. तुलनेसाठी पुढच्या काळातले दोन नामवंत प्रशिक्षक पाहू: जॉन मॅडन यांचे साखळीतले, म्हणजे एनएफएलमधले, आकडे १०३ विजय, ३२ पराभव आणि ७ बरोबरी असे आहेत, तर व्हिन्स लोम्बार्डी यांचे ९६, ३४ आणि ६. त्याच रीतीने मोजल्यास मॅडन ७६.३ आणि लोम्बार्डी ७३.८ टक्क्यांवर येतात. बरोबरी म्हणजे अर्धा विजय असा आजचा हिशेब लावला तर चेंबरलिन ७५.९ टक्क्यांवर उतरतात आणि मॅडन ७५ वर, म्हणजे अंतर जवळपास मिटते. त्या काळी सामने इतके वारंवार बरोबरीत सुटत की मोजणीची पद्धत बदलली की अंतरेही बदलतात, आणि म्हणून या एका आकड्यावर कोणाला सर्वश्रेष्ठ ठरवणे मला पटत नाही.

शिवाय ही तुलना दोन निराळ्या कामांची आहे. १९२२ सालचा प्रशिक्षक म्हणजे कडेला उभा राहून, हातात कागद धरून, प्रत्येक चाल आत पाठवणारा माणूस नव्हे. बाकावरून सूचना देण्याची परवानगी व्यावसायिक साखळीने १९४४ मध्ये दिली. तोपर्यंत मैदानात गेलेल्या खेळाडूंनी आपापल्या डोक्याने खेळावे अशी नियमाची धारणा होती. बाहेर काढलेला खेळाडू मनाला येईल तेव्हा परत आत आणता येत नसे, त्यामुळे आज आपण ज्याला आक्रमणाचा संघ आणि बचावाचा संघ म्हणतो तशी वेगळी माणसे नसत. तेच अकरा जण दोन्ही बाजूंनी खेळत. १९२५ मध्ये साखळीने प्रत्येक संघाला जास्तीत जास्त १६ खेळाडूंची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती १८ केली. फॉरवर्ड पास टाकायचा, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायचा, तर चेंडू ज्या रेषेवरून खेळात येतो तिच्या किमान पाच यार्ड मागून टाकावा लागे. अशा नियमांत सामन्याच्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या हाती फारसे काही उरत नव्हते. त्याचे खरे काम आधीच झालेले असे: कोणते पंधरा-सोळा गडी घ्यायचे, त्यांना आठवड्यात काय घोटवून घ्यायचे, आणि साठ मिनिटे खेळूनही शेवटच्या पाच मिनिटांत कोण उभा राहील याची पारख करायची. चेंबरलिन तर स्वतः खेळाडूही होते, म्हणजे सामन्यात निर्णय घेणारा माणूस लाइनच्या टोकाला, अंगावर चिखल घेऊन उभा असे. आपल्याकडच्या वाचकाने कबड्डीतला असा कर्णधार डोळ्यांसमोर आणावा ज्याने संघही निवडला आहे, सरावही घेतला आहे आणि जो शेवटची चढाईही स्वतः करतो. मग हे काम बरेचसे कळेल.

त्यांची घडण नेब्रास्कातली. १८९४ मध्ये ब्लू स्प्रिंग्ज या छोट्या गावी जन्म, पूर्ण नाव बर्लिन गाय चेंबरलिन. नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळताना १९१५ मध्ये नोत्र दामविरुद्धचा सामना नेब्रास्काने २०-१९ असा जिंकला आणि त्यात त्यांचे दोन टचडाउन होते, म्हणजे दोनदा त्यांनी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर १९१९ मध्ये ते ओहायोतील कॅन्टन बुलडॉग्जकडे आले, जिथे जिम थॉर्प सर्वेसर्वा होते, आणि तो संघ त्या वर्षी अपराजित राहिला. पुढच्या वर्षी जॉर्ज हालास यांनी त्यांना इलिनॉयमधील डिकेटरच्या संघात नेले. हा संघ ए. ई. स्टेली यांच्या स्टार्चच्या कारखान्याचा होता. तोच १९२१ मध्ये शिकागोला गेला, अजिंक्य ठरला, आणि पुढे शिकागो बेअर्स झाला. म्हणजे प्रशिक्षक होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत चेंबरलिन यांनी थॉर्प आणि हालास या दोघांच्या हाताखाली खेळून घेतले होते. संघ कसा बांधावा हे त्यांनी हालास यांच्याकडून उचलले असावे असे मला वाटते, कारण खेळाडू हुडकून आणण्याची आणि टिकवून धरण्याची जी चिकाटी हालास यांच्यात होती तीच पुढे चेंबरलिन यांच्यातही दिसते.

१९२२ मध्ये कॅन्टनने त्यांना खेळाडू-प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. आदल्या वर्षी याच संघाने ५ सामने जिंकले होते, २ गमावले होते आणि ३ बरोबरीत सोडवले होते. चेंबरलिन यांच्या पहिल्याच मोसमात बारा सामन्यांत १० विजय आणि २ बरोबरी असा हिशेब झाला. संघाने १८४ गुण केले आणि फक्त १५ दिले. नऊ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळाला नाही. १९२३ मध्ये ११ विजय आणि १ बरोबरी, गुण २४६ विरुद्ध १९. दोन वर्षे, चोवीस सामने, एकही पराभव नाही.

लाइनच्या माणसाला हे आकडे वाचताना एकच गोष्ट दिसते: दोन टॅकल, म्हणजे लाइनमध्ये एंडच्या लगत आतल्या बाजूला उभे राहणारे दोन गडी. एका बाजूला विल्बर हेन्री, ज्यांना सगळे पीट म्हणत, गोल गरगरीत अंगाचे, पण असामान्य चपळ आणि चेंडूला लाथ मारण्यातही तरबेज. दुसऱ्या बाजूला नेब्रास्काचेच रॉय लायमन, ज्यांना लिंक म्हणत. लायमन बचावात एका जागी ठाण मांडून बसत नसत. चेंडू सुटण्याच्या ऐन वेळी ते बाजूला सरकत, आणि समोरच्याने ज्याला अडवायचे ठरवलेले असे तो माणूस तिथे नसेच. आज प्रत्येक शाळेत आम्ही हे शिकवतो, पण त्या काळी ते नवे होते. हे दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात, गेले. एंड खेळणाऱ्या चेंबरलिन यांच्या आतल्या बाजूला असा टॅकल असला म्हणजे त्यांना बाहेरून येणाऱ्या धावेवर निर्धास्तपणे तुटून पडता येई, आणि प्रतिस्पर्ध्याला मधूनही वाट नसे, बाहेरूनही नसे. बारा सामन्यांत पंधरा गुण हे असे घडते.

इथेच शंका घेणाऱ्याचा मुद्दा येतो आणि तो रास्त आहे: हेन्री आणि लायमन असल्यावर कोणीही जिंकले असते. म्हणून पुढची हकीकत बारकाईने पाहावी लागते.

कॅन्टन जिंकत होते, पण पैसा मिळत नव्हता. गाव कारखान्यांचे, प्रेक्षक मोजके, खेळाडूंचा खर्च मोठा. १९२४ मध्ये क्लीव्हलंडचे जवाहिऱ्याचा धंदा करणारे सॅम डॉइच यांनी कॅन्टनचा संघ २,५०० डॉलरला विकत घेतला, बरेच खेळाडू आणि चेंबरलिन यांना क्लीव्हलंडला नेले आणि कॅन्टनचा संघ त्या वर्षापुरता बंद ठेवला. हेन्री मात्र त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ते पेनसिल्व्हेनियातील खाणींच्या मुलखात पॉट्सव्हिलकडे खेळू लागले. लायमन सोबत होते. हेन्रीविना क्लीव्हलंड बुलडॉग्जनी ७ सामने जिंकले, १ गमावला, १ बरोबरीत सोडवला आणि अजिंक्यपद मिळवले.

या अजिंक्यपदावर वाद झाला. मोसम ३० नोव्हेंबरला संपला होता. ७ डिसेंबरला बेअर्सनी क्लीव्हलंडला २३-० असे झोडपले आणि विजेतेपदावर हक्क सांगितला. त्या काळी अंतिम सामना नावाची गोष्टच नव्हती. टक्केवारी जास्त तो विजेता, आणि बरोबरी हिशेबात नाही. क्लीव्हलंडचे ७ आणि १ म्हणजे ८७.५ टक्के, बेअर्सचे ६ आणि १, शिवाय ४ बरोबरी, म्हणजे ८५.७. जानेवारीतल्या बैठकीत डिसेंबरचा सामना मोसमाबाहेरचा ठरवला गेला आणि पद क्लीव्हलंडकडे राहिले. नियमाप्रमाणे निर्णय बरोबरच होता. तरीही त्या दिवशी मैदानावर बेअर्स कितीतरी सरस होते, हे चेंबरलिन यांच्या बाजूने बोलणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे. चार पदांपैकी हे एक पद इतर तिन्हींच्या तोलाचे नाही.

आता ज्याला मी पुरावा म्हणतो तो भाग. १९२५ मध्ये चेंबरलिन फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सकडे गेले. त्यांच्यामागे क्लीव्हलंडचे काय झाले? ५ विजय, ८ पराभव, १ बरोबरी. कॅन्टनचा संघ त्याच वर्षी पुन्हा उभा राहिला आणि पीट हेन्री परत आले. निकाल ४ विजय, ४ पराभव. १९२६ मध्ये कॅन्टनकडे हेन्री होते, उतारवयातले जिम थॉर्पही होते, आणि निकाल १ विजय, ९ पराभव, ३ बरोबरी. त्याच १९२६ मध्ये फ्रँकफर्डने, ज्यांच्याकडे तेव्हा हेन्रीही नव्हते आणि लायमनही नव्हते, १४ सामने जिंकले, १ गमावला, २ बरोबरीत सोडवले. नंतर चेंबरलिन फ्रँकफर्ड सोडून गेले आणि १९२७ मध्ये त्या संघाचे आकडे ६ विजय, ९ पराभव, ३ बरोबरी असे झाले. प्रयोगशाळेत मांडावा असा हा प्रयोग आहे: माणूस आत आला की संघ वर, बाहेर गेला की खाली, आणि तेही निरनिराळ्या गावांत. खेळाडूंची ये-जा त्यात मिसळलेली आहे हे खरे, परंतु खेळाडू निवडणे हेच तर त्या काळच्या प्रशिक्षकाचे अर्धे काम होते. रूडी कॉमस्टॉकसारखा गार्ड, म्हणजे लाइनच्या मधल्या भागातला गडी, कॅन्टन, क्लीव्हलंड आणि मग फ्रँकफर्ड अशा तिन्ही ठिकाणी त्यांच्याकडे दिसतो, तो योगायोग नव्हे.

फ्रँकफर्डविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम तिथले आहे. फ्रँकफर्ड हा फिलाडेल्फियाच्या ईशान्येकडचा भाग आणि संघ तिथल्या क्रीडा मंडळाचा. फिलाडेल्फियात रविवारी सामने खेळण्यास कायद्याने बंदी होती. त्यामुळे हा संघ शनिवारी घरच्या मैदानावर खेळे आणि पुष्कळदा लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा खेळे. दोन दिवसांत दोन सामने, सोळा खेळाडू, आणि प्रत्येक जण आक्रमणातही, बचावातही. १९२५ मध्ये त्यांनी साखळीचे २० सामने खेळले. आमच्या शाळेतली मुले शुक्रवारी रात्री एक सामना खेळतात आणि सोमवारी सरावाला येतात तेव्हा त्यांच्या खांद्यांत आणि मानेत अजून वेदना असते. मंगळवारपर्यंत मी त्यांना एकमेकांच्या अंगावर जाऊ देत नाही. त्या माणसांनी शनिवारच्या सामन्यानंतर गाडीत बसून रविवारी दुपारी पुन्हा तेच करायचे, हे लाइनमध्ये खेळलेल्या कोणालाही नुसते वाचूनही सोसवत नाही. १९२५ चा १३ विजय आणि ७ पराभव हा हिशेब, त्यात पॉट्सव्हिलकडून खाल्लेला ४९-० असा मार धरूनही, मी अपयश मानत नाही. उलट पुढच्या वर्षी जे घडले त्याची ती तयारी होती: कोण टिकतो आणि कोण टिकत नाही हे त्यांना त्या वीस सामन्यांनी दाखवून दिले.

१९२६ च्या मोसमाचा निर्णय ४ डिसेंबरला फिलाडेल्फियातील शाइब पार्कवर झाला. समोर हालास यांचे बेअर्स, तोपर्यंत अपराजित. बराच वेळ गुणफलक कोराच होता. उत्तरार्धात अखेरीकडे बेअर्सच्या बिल सेन यांनी टचडाउन केला, ६-०, आणि टचडाउननंतरच्या जादा गुणासाठी, म्हणजे लाथेने चेंडू गोलपोस्टमधून पार करण्यासाठी, पॅडी ड्रिस्कॉल पुढे आले. ड्रिस्कॉल म्हणजे त्या पिढीतले लाथेचे बादशहा. चेंबरलिन यांनी ती लाथ अडवली.

ही गोष्ट मी दर वर्षी नव्या एंड खेळाडूंना सांगतो, कारण अडवलेली लाथ प्रेक्षकांना नशिबाची वाटते आणि ती तशी नसते. कडेने येणाऱ्याने पहिले पाऊल पुढे टाकायचे, बाहेर नाही. बाहेर टाकलेले एक पाऊल म्हणजे उशीर झालाच. नजर समोरच्या गड्यावर नाही, चेंडूवर. धाव लाथ मारणाऱ्याच्या अंगावर नाही, तर त्याच्या पायाच्या यार्ड-दीड यार्ड पुढे जो बिंदू आहे त्यावर, कारण चेंडू वर चढण्याआधी तिथूनच जातो. दोन्ही हात एकमेकांलगत, अंगठे जुळलेले, म्हणजे मधून चेंडू निसटत नाही. आणि मान वळवायची नाही. यातले शेवटचे सर्वांत कठीण. पूर्ण वेगाने मारलेला चेंडू हातभर अंतरावरून येत असताना डोळे उघडे ठेवणे हे सांगून येत नाही, शेकडो वेळा करूनच येते. त्या काळी गोलपोस्ट गोलरेषेवरच असत, म्हणून जादा गुणाची लाथ अगदी जवळून मारली जाई आणि अडवणाऱ्याला वेळ फारच थोडा मिळे. चेंबरलिन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, आणि त्या मोसमातला हा पंधरावा-सोळावा सामना होता.

त्यानंतर फ्रँकफर्डने चेंडू पुढे नेला. ह्यूस्टन स्टॉकटन यांचा पास छोटेखानी हेन्री होमन यांनी झेलला आणि टचडाउन झाला. टेक्स हेमर यांनी जादा गुण मिळवला. ७-६. बेअर्सचा त्या मोसमातला तो एकमेव पराभव ठरला आणि अजिंक्यपद फ्रँकफर्डकडे आले. चौदा विजयांचा आकडा साखळीत दीर्घकाळ टिकला. १९७२ मध्ये मायामीने त्याची बरोबरी केली आणि १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १५ विजय मिळवून तो मागे टाकला. त्या सामन्याच्या चार वर्षे आधी, १९२२ मध्ये, कॅन्टननेही बेअर्सना असेच ७-६ हरवले होते, ते सहज आठवले म्हणून सांगतो.

शेवटचा मोसम शिकागो कार्डिनल्सबरोबर, १९२७ मध्ये: ३ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. चेंबरलिन यांच्या विरोधात हाच मोसम पुढे केला जातो. माझे मत असे की तो त्यांच्या कामाचे स्वरूप उघड करतो. संघ आधीच्या वर्षीही ५ विजय आणि ६ पराभवांचाच होता, हाती घेतलेली माणसे त्यांनी स्वतः निवडून घडवलेली नव्हती, आणि मैदानावर जाऊन सामना फिरवून देणारे शरीर आता थकले होते. कडेला उभे राहून संघ चालवण्याची सोय तर नियमांनी ठेवलीच नव्हती. जो प्रशिक्षक अर्धे काम स्वतःच्या खांद्यांनी करतो त्याचे खांदे गेले की अर्धे काम जाते. त्यांनी तिथेच थांबून नेब्रास्काची वाट धरली.

मग त्यांचे नाव मागे का पडले? मला यामागे एक साधे कारण दिसते. त्यांनी अजिंक्यपदे मिळवून दिलेल्या तिन्ही संघांपैकी आज एकही अस्तित्वात नाही. कॅन्टन १९२६ नंतर संपले, क्लीव्हलंडचे बुलडॉग्जही टिकले नाहीत, फ्रँकफर्ड १९३१ मध्ये मोसमाच्या मध्येच बंद पडले. हालास यांच्या आठवणी बेअर्सनी जपल्या, त्याच काळातले प्रशिक्षक लॅम्बो यांच्या ग्रीन बेच्या संघाने जपल्या. चेंबरलिन यांच्यासाठी असे करणारे घर उरले नाही. त्यांनी प्रशिक्षक म्हणून सांभाळलेला जो एकच संघ आज जिवंत आहे तो कार्डिनल्स, म्हणजे नेमका तो जिथे ते हरले. शिवाय साखळीने खेळाडूंची अधिकृत आकडेवारी १९३२ पासून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे खेळाडू म्हणून त्यांनी काय केले तेही तक्त्यांत सापडत नाही.

तरीही ते पूर्ण विस्मृतीत गेलेले नाहीत. कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश १९६५ मध्ये झाला, म्हणजे १९६७ मध्ये निधन होण्याच्या दोन वर्षे आधी. नेब्रास्का विद्यापीठ त्यांच्या नावाचा करंडक दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या एका खेळाडूला देते. कॅन्टनला कधी जाणे झाले तर तिथे त्यांचा अर्धपुतळा पाहावा, आणि त्याच दालनात हेन्री आणि लायमन यांचेही पुतळे शोधावेत. त्या तिघांनी मिळून चोवीस सामने एकही पराभव न पत्करता खेळले, ते याच गावासाठी.